एकतीस घरांची मदत एका नावावर

प्रति,
मेहेरबान इन्कमटॅक्स ऑफिसर साहेब,
मुक्काम कॅम्प, जिल्हा बुलढाणा,
मध्यप्रांत व वऱ्हाड.

अर्जदार : बद्रुद्दीन वल्द फकीर मोहम्मद, वय ६४, धंदा पेन्शनर हेडमास्तर, राहणार देऊळघाट.

विषय : जळिताच्या सरकारी मदतीचे ६२० रुपये अर्जदाराचे उत्पन्न धरून नाकारलेला रिफंड मिळणेबाबत, व ती रक्कम एकतीस घरांकडून वसूल न होणेबाबत.

संदर्भ : (१) आपल्या कचेरीचा हुकूम, रिफंड नं. ४१७, ता. ११ जुलै १९३३. (२) तहसील कचेरीची नोटीस, ता. २ ऑगस्ट १९३३.

साहेबांचे सेवेशी सविनय सादर की,

१. अर्जदाराने डोणगाव, मोताळा व शेवटी देऊळघाट येथील मराठी शाळांत मिळून तेहेतीस वर्षे नोकरी केली. सन १९२७ साली पेन्शन झाली. ती दरमहा पंचवीस रुपये आहे. अर्जदाराचे घर कौलारू, दोन खणांचे असून पुढे ओसरी आहे. अर्जदारास मूलबाळ नाही. पत्नी अमीनाबी हिला जाऊन चार वर्षे झाली. तेव्हापासून घरात अर्जदार एकटाच आहे. सकाळी सातपासून दहापर्यंत गल्लीतील लहान मुले ओसरीवर बसतात व अर्जदार त्यांना अक्षरे आणि पाढे शिकवतो. त्याची फी घेत नाही. साहेबांनी हे विचारलेले नाही, परंतु पुढे याचा उपयोग पडेल म्हणून आधी लिहिले.

२. अमीनाबीस माहेरच्या आमराईचा हिस्सा विकून दोन हजार रुपये मिळाले होते. त्यांचे पाच टक्क्यांचे सरकारी कर्जरोखे घेतले असून ते अर्जदाराच्या नावावर आहेत. सालीना व्याज शंभर रुपये. व्याजाचा पैसा घरात खायचा नाही, असा अमीनाबीचा नेम होता आणि तो अर्जदाराने मोडलेला नाही. त्या पैशांतून दरसाल पाट्या, लेखण्या व पहिलीची पुस्तके येतात. व्याज हातात येण्यापूर्वीच त्यातून सर्वांत वरच्या दराने कर कापून घेतला जातो. तो गेल्या साली सोळा रुपये चौदा आणे दहा पै इतका कापला गेला. अर्जदाराचे एकूण उत्पन्न हजार रुपयांच्या आत असल्याने कापलेला कर मागून परत मिळतो. त्याप्रमाणे मागील तीन साली तो विनातक्रार परत मिळाला, याबद्दल अर्जदार आपल्या कचेरीचा आभारी आहे.

३. चालू सालच्या एप्रिलात अर्जदाराने नेहमीप्रमाणे रिफंडाचा फॉर्म भरला. पेन्शन तीनशे, व्याज शंभर, एकूण चारशे. खाली ‘शेरा’ म्हणून एक रकाना मोकळा होता. अर्जदाराने तेहेतीस वर्षे मुलांना सांगितले की, रकाना कोरा सोडू नये, कोऱ्या रकान्यात दुसरा कोणी काहीही लिहू शकतो. म्हणून त्यात अर्जदाराने लिहिले : “या साली जळिताच्या मदतीचे सरकारकडून रु. ६२० अर्जदाराच्या सहीने मिळाले. ते त्याच दिवशी एकतीस घरांना वाटले.” खरे होते तेवढेच लिहिले. पुढे जे झाले त्याचे मूळ त्या एका ओळीत आहे, आणि ती ओळ अर्जदाराचीच आहे.

४. जळिताची हकीकत अशी. सन १९३२ च्या मे महिन्यात, ता. ९ रोजी भर दुपारी, गल्लीच्या टोकाला एका गोठ्यातील कडब्याने पेट घेतला. वारा पश्चिमेचा होता. घरे सारी पऱ्हाटीच्या कुडांची व गवती छपरांची. तासाभरात एकतीस घरे गेली. माणूस कोणी गेले नाही. अर्जदाराचे घर कौलारू व वाऱ्याच्या उलट्या बाजूस असल्याने वाचले. त्या रात्री व पुढे महिनाभर ओसरीवर व आतल्या दोन्ही खणांत बायकापोरे निजत होती.

५. ता. २ जून रोजी नायब तहसीलदार साहेब मदत वाटण्यास स्वतः आले. निंबाखाली टेबल मांडले. प्रत्येक घराला छपरासाठी वीस रुपये ठरले होते. यादी करून झाली आणि अंगठे घेण्यासाठी शाईची गादी उघडली. पहिले नाव तानुबाई यांचे होते. तानुबाईंचे वय साठीच्या पुढे आहे, त्या शेतांवर निंदणीला जातात आणि एकट्या राहतात. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेऊन पदराखाली झाकला.

याला कारण आहे. सुमारे बावीस वर्षांपूर्वी चहाच्या मळ्याचा एक मुकादम या गल्लीत आला होता. सहा महिन्यांचे काम म्हणून त्याने तीन माणसांचे अंगठे घेतले व बायकांची संमती म्हणून त्यांचेही अंगठे खाली घेतले. त्या तिघांपैकी एक जण सात वर्षांनी परत आला. तानुबाईंचा नवरा आलाच नाही. त्या साली गल्लीने ठरवले की, यापुढे कोणत्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही. जो कागद येईल तो मास्तरांनी वाचावा आणि मास्तरांनीच सही करावी. हा रिवाज आजवर चालत आला आहे. या गल्लीची पत्रे, मनिऑर्डरी, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सारे अर्जदाराच्या ओसरीवर येते व अर्जदाराच्या सहीने सुटते. जुने पोस्टमन हे जाणतात.

नायब तहसीलदार साहेबांनी तानुबाईंना दोनदा समजावले. तेव्हा त्या म्हणाल्या, “सायब, याच अंगठ्यानं आमचा माणूस गेला. पैशे नोका देऊ, पन अंगठा मांगू नोका.” त्यांचे पाहून बाकीच्यांनीही हात मागे घेतले. निवृत्ती नावाचा कुंभार पुढे येऊन म्हणाला, “मास्तरची सही घ्या ना सायब. आमचं सारं तिथूनच येते.” पश्चिमेला आभाळ भरून येत होते. मृग पाच दिवसांवर आला होता आणि एकतीस घरांवर छप्पर नव्हते. साहेब दयाळू होते. त्यांनी कारकुनास सांगून रजिस्टरात एकच ओळ लिहवली : “बद्रुद्दीन मास्तर, माणसे १४३ पैकी मुले ५२, रु. ६२०.” अर्जदाराने सही केली. यात साहेबांचा किंवा कारकुनाचा काहीही दोष नाही. तसे केले नसते तर घरे पावसात उघडी राहिली असती.

अर्जदाराने त्याच घटकेला ओसरीवर बसून एकेका घरास हाक मारून वीस वीस रुपये हातात मोजून दिले. ज्याला दिले त्याचे नाव फळ्यावर खडूने लिहिले. एकतिसावे नाव लिहून झाले तेव्हा पावसाचे थेंब पडू लागले होते. पावत्या घ्याव्यात असे अर्जदाराच्या मनातही आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना सातचा पाढा लिहून द्यायचा होता, म्हणून अर्जदाराने फळा पुसला. तेवढाच पुरावा होता, तो असा गेला.

६. आता आपल्या कचेरीच्या हुकमाकडे वळतो. हुकमात लिहिले आहे की, अर्जदाराचे घर जळालेले नसल्याने सदर ६२० रुपये ही अर्जदारास मिळालेली मदत म्हणता येत नाही. ते इतरांना दिल्याची पावती नाही. सबब ती अर्जदाराची इतर प्राप्ती धरण्यात येते. म्हणजे चारशे अधिक सहाशे वीस, एकूण एक हजार वीस. हजारावर गेले की रुपयामागे चार पै कर. तो एकवीस रुपये चार आणे होतो. त्यातून आधी कापलेले सोळा रुपये चौदा आणे दहा पै वजा केले असता चार रुपये पाच आणे दोन पै अर्जदाराकडूनच येणे निघते, ते पंधरा दिवसांत भरावे.

अर्जदाराने हे गणित फळ्यावर मांडून दोनदा तपासले. एका पैचीही चूक नाही. मुलांना उदाहरण म्हणून घालावे इतके ते स्वच्छ आहे. चूक गणितात नसून गणित सुरू होण्यापूर्वीच्या ओळीत आहे, हे अर्जदारास नम्रपणे दाखवावयाचे आहे.

७. उत्पन्न म्हणजे काय, हे अर्जदार चौथीच्या मुलांना पुढीलप्रमाणे सांगत असे : कष्ट केले त्याची मजुरी, माल विकला त्याचा नफा, पैसा लावला त्याचे व्याज, जमीन दिली तिचा खंड. जळिताची मदत यांपैकी कशातच बसत नाही. ती कोणी कमावलेली नाही आणि पुढच्या साली पुन्हा येणारीही नाही. आग विझवायला विहिरीतून शंभर घागरी काढल्या तर त्या दिवशी गावाने जास्त पाणी प्याले असे होत नाही. जे जळून गेले त्याच्या जागी काही आले, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा ज्या घरांना ती मिळाली त्यांचेसुद्धा ते उत्पन्न नव्हे. मग ती ज्याच्या हातावरून पुढे गेली त्याचे ते कसे होईल? पोस्टमनच्या थैलीतून दर महिन्याला शेकडो रुपये जातात, म्हणून त्याच्याकडून कोणी शेकड्यांवर कर घेत नाही. अर्जदार त्या दिवशी थैली होता, इतकेच.

८. ऑगस्टमध्ये आपल्या कचेरीचे एक इन्स्पेक्टर साहेब चौकशीस ओसरीवर आले. वयाने तरुण, बोलण्यात सभ्य. मुलांचे पाढे संपेपर्यंत ते बाहेर उभे राहिले, हे अर्जदार विसरणार नाही. त्यांनी सुचवले की, यातून सुटण्याचा एक सोपा मार्ग आहे. ते म्हणाले, “मास्तर, एवढं लिहून द्या की पैसे तुमच्याच घराच्या नुकसानीचे होते. मदत ही उत्पन्नात धरत नाहीत. रिफंड महिन्याभरात हातात येईल.” त्यांचा हेतू चांगला होता. परंतु अर्जदाराच्या घराचे एक कौलही तडकले नव्हते. ज्या ओसरीवर अर्जदार मुलांना खोटे लिहू नये म्हणून सांगतो त्याच ओसरीवर बसून तो कागद लिहिणे जमले नाही.

९. तो कागद लिहिला नाही हे बरेच झाले, कारण त्याच आठवड्यात तहसील कचेरीची नोटीस हातात पडली. आपल्या हुकमाची नक्कल तिकडे गेली असावी. नोटिशीत म्हटले आहे की, पेन्शनर इसम मदतीस पात्र नसता त्याने मदत घेतली, तरी त्याने ६२० रुपये परत भरावेत. अगर ज्यांनी खरोखर पैसे घेतले त्यांची नावे सादर करावीत, म्हणजे पावतीशिवाय घेतलेली रक्कम त्यांच्याकडून वसूल करण्यात येईल.

साहेब, अर्जदाराची अडचण पाहावी. एक कचेरी म्हणते, ही मदत नव्हे, उत्पन्न आहे, म्हणून कर भरा. दुसरी कचेरी म्हणते, ही मदतच आहे, म्हणून परत करा. मदत म्हणावे तर रक्कम जाते, उत्पन्न म्हणावे तर रिफंड जातो, आणि दोन्हींच्या मध्ये एकतीस घरांची छपरे आहेत. ते वीस वीस रुपये आता रुपये राहिलेले नाहीत. त्यांचे बांबू, सुतळी आणि गवत झाले आहे. वसुलीला येणाऱ्याने छप्पर उतरवून नेल्याशिवाय त्याच्या हाती काही लागणार नाही.

सोळा रुपये परत मागायला गेलो आणि एकतीस घरांवर नोटीस आणून बसवली, हे अर्जदाराच्या मनातून जात नाही. गल्लीत अजून कोणी अर्जदारास बोल लावलेला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

१०. रजिस्टरातील त्या एका ओळीचा आणखी एक परिणाम झाला, तोही लिहितो. सप्टेंबरात देवीची लस टोचणारे कारकून पेटी घेऊन दारात आले. त्यांच्या कागदात अर्जदाराच्या घरी एकशे त्रेचाळीस माणसे व त्यांत बावन्न मुले असल्याची नोंद होती. मुले कोठे आहेत, असे त्यांनी विचारले. अर्जदाराने त्यांना दोन्ही खण दाखवले. एका खणात बाज व पाण्याचा माठ, दुसऱ्यात अमीनाबीची पेटी. ते म्हणाले की, कागदात तर भरले घर आहे. अर्जदार त्यांना चहा पाजून म्हणाला की, सकाळी सातला या, दहापर्यंत बरीच भेटतील. ते दुसऱ्या दिवशी आले आणि एकोणीस मुलांना लस टोचून गेले. उरलेली मुले पळाली, त्यांना अर्जदाराने पुढच्या आठवड्यात नेऊन टोचवले.

तरी हे खाते अर्जदाराच्या नावावरून कमी व्हावे. एवढे मोठे कुटुंब सरकारी कागदात असणे आणि घरात एक ताट धुणे, यांचा मेळ बसत नाही.

११. आपल्या हुकमात एक वाट ठेवलेली आहे : प्रत्येक घेणाराची स्वतःच्या सहीची पावती हजर केल्यास फेरविचार होईल. अंगठा या गल्लीत मिळणार नाही, हे वर लिहिलेच आहे. आणि पैसे घेणाऱ्यांपैकी सही कोणालाच येत नव्हती. का येत नव्हती, हे सांगणे अर्जदारास जड जाते, परंतु अर्जात अर्धे खरे लिहू नये.

अर्जदाराने तेहेतीस वर्षे मुले शिकवली. त्यांच्या आया व आज्या शेजारी राहत असता त्यांना नाव लिहायला शिकवले नाही. सहा वर्षांपूर्वी पेन्शन झाली तेव्हा वेळ होता. शिकवणे अवघडही नव्हते. अमीनाबी म्हणतही असे की, यांना तेवढे शिकवा. पण मुले दहाला निघून गेली की अर्जदाराच्या ओसरीवर दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी येण्याचे कारण नसे. पोस्टमन आला म्हणजे मात्र कोणी ना कोणी येई. सही झाली की पत्र वाचून दाखवायचे. वाचून झाले की उत्तर लिहायचे. उत्तर लिहिता लिहिता कोणाची गाय व्याली, कोणाच्या मुलीला मागणी आली, हे कळायचे. मग पाणी, पान, थोडा वेळ बसणे. अमीनाबी गेल्यावर तर अर्जदार पोस्टमनची वाट घड्याळासारखी पाहू लागला. नाव लिहायला शिकवले असते तर ही माणसे कशाला आली असती? हा विचार अर्जदाराने कधी उघड केला नाही, स्वतःशीही नाही. परंतु नोटीस वाचल्यावर तो समोर येऊन उभा राहिला. एकतीस घरांच्या पावत्या नाहीत, त्याचे खरे कारण फळा पुसला हे नव्हे, हे आहे.

१२. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस अर्जदाराने एकतीस घरी जाऊन सांगितले की, प्रत्येक घरातून एकाने ओसरीवर यावे आणि स्वतःचे नाव लिहायला शिकावे. मुलांच्या घरच्या पाट्या बहुतेक जळितात तडकल्या होत्या, सालचे व्याज पुस्तकांतच संपले होते आणि नव्या आणायला रिफंड आलेला नव्हता. तेव्हा जुन्या पद्धतीने पितळी ताटात बारीक धूळ पसरून धूळपाटी केली. आधी बायका लाजल्या. नूरबी ही बांगड्या भरणारी विधवा पहिली आली आणि पाच दिवसांत तिचे नाव बसले, कारण तिच्या हाताला कुठे दाबावे व कुठे सोडावे हे ठाऊक होते. निवृत्तीला पंधरवडा लागला. नूरबी त्याला म्हणाली, “निवृत्तीभाऊ, नाव लांब हाय का हात जड हाय?” त्या आठवड्यात भट्टीतून निघालेल्या प्रत्येक मडक्याच्या बुडाशी त्याचे नाव कोरलेले निघाले. काही मडकी आजही बाजारात विकली जात आहेत.

मुले सकाळी, आया संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, असा क्रम दोन महिने चालला. मुलांनी आयांच्या चुका काढल्या, आयांनी मुलांचे कान धरले. एकशे त्रेचाळीस माणसांचे कुटुंब अर्जदारास त्या दोन महिन्यांत थोडेफार पाहावयास मिळाले, हेही नमूद करतो.

तीस जणांनी दसरा ते दिवाळी यांच्या दरम्यान पावत्यांवर सह्या केल्या. पैकी सात उर्दूत असून त्यांच्या खाली मराठीत नाव लिहिले आहे. पावतीचा मजकूर अर्जदाराचा, सही ज्याची त्याची.

१३. राहिल्या तानुबाई. त्यांनी धुळीत नाव गिरवले, पण टाक हातात घेईनात. एके दिवशी विचारले, “मास्तर, सई देल्ली तं माणूस नेत नाईत ना?” अर्जदार म्हणाला की, सही केलेला कागदसुद्धा माणूस नेऊ शकतो, म्हणून आधी तो वाचून घ्यावा, मगच सही करावी. तानुबाईंना वाचता येत नाही. त्यांनी त्यावर आपला उपाय काढला. अर्जदारास पावती वाचायला लावली, ऐकली आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही दिवस मजकूर तोच निघाला, तेव्हा त्यांनी टाक घेतला. इतक्या वर्षांत शाळा तपासणाऱ्या कोणत्याही इन्स्पेक्टराने अर्जदाराचे काम इतके नीट तपासले नव्हते.

सही करून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आता तुमाले आमचा तरास नाई, मास्तर.” अर्जदाराने ती पावती वाळवून बाकीच्या तीस पावत्यांत ठेवली.

त्यानंतर पोस्टमन घरोघर जातो. लोक आपापल्या दारात सही करतात व पत्र घेऊन मुलांकडून वाचवून घेतात. अर्जदारास याचा आनंदच आहे. शिक्षकाचे काम पुरे झाले की त्याची गरज उरू नये, असे अर्जदार नव्या मास्तरांना सांगत असे. सांगताना ते फार सोपे वाटत असे. दिवाळीपासून पोस्टमन ओसरीची पायरी चढलेला नाही.

१४. तरी साहेबांनी कृपा करून,

(अ) सोबतच्या एकतीस पावत्या पाहून ६२० रुपये अर्जदाराच्या उत्पन्नातून वगळावेत; चार रुपये पाच आणे दोन पैची मागणी रद्द करावी व सोळा रुपये चौदा आणे दहा पैचा रिफंड द्यावा. दोन आण्यांची एक याप्रमाणे त्यात एकशे पस्तीस पाट्या येतात व दहा पै उरतात. त्या दहा पैंचा खडू येईल.

(ब) आपल्या निकालाची नक्कल तहसील कचेरीकडे पाठवावी, म्हणजे तेथील नोटीस निकाली निघेल व एकाही घराचे छप्पर हलणार नाही. साहेबांस यांपैकी एकच मागणी मान्य करता येत असेल तर ही करावी, रिफंडाची सोडून द्यावी.

(क) नियमाप्रमाणे कोणाकडून तरी वसुली झालीच पाहिजे असे असेल, तर ती अर्जदाराच्या पेन्शनीतून दरमहा दहा रुपये याप्रमाणे करावी. बासष्ट महिने लागतील. अर्जदाराचे वय चौसष्ट आहे, तरी तेवढे जगण्याचा प्रयत्न करील.

(ड) रिफंड मंजूर झालाच, तर खजिन्यावर न धाडता नियमांत बसत असल्यास मनिऑर्डरीने घरी पाठवावा. खजिन्यापर्यंत जाणे अर्जदारास अशक्य नाही. पण पोस्टमनला एकदा वर यावे लागेल.

येणेप्रमाणे सत्य लिहिले आहे. रकाना कोरा सोडलेला नाही.

साहेबांच्या निकालाची वाट ओसरीवर बसून पाहणारा,

बद्रुद्दीन वल्द फकीर मोहम्मद
पेन्शनर हेडमास्तर, देऊळघाट

ता. २४ नोव्हेंबर १९३३

सोबत :
१. पावत्या एकतीस, प्रत्येकी रु. २०, सह्या स्वदस्तुर.
२. कर्जरोख्यांच्या व्याजातून कर कापल्याचा दाखला.
३. आपला हुकूम व तहसील कचेरीची नोटीस, नकला.
४. फळ्यावर होती ती नावांची यादी, आठवून पुन्हा लिहिलेली.

साक्षीदार : अर्जदारास ओळखणाऱ्या इसमाची सही असावी असा नियम आहे. आजवर या गल्लीच्या प्रत्येक कागदावर साक्षीदार अर्जदार असे, म्हणून अर्जदाराच्या कागदावर कोणाला बोलवावे हे कळेना. तानुबाई यांनी आपण होऊन सही करते म्हणून सांगितले.

तानुबाई, स्वदस्तुर.

ता. क. — अर्ज ता. २४ रोजी लिहून तयार होता. साक्षीदाराने तो तीन दिवस रोज एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतल्यामुळे आज ता. २७ रोजी रवाना होत आहे. उशिराबद्दल क्षमा असावी. पहिल्या दोन दिवशी कलम ११ आले की त्या खाली पाहत. आज सही झाली, टाक धुऊन ठेवला, तरी त्या उठल्या नाहीत. थोडा वेळ बसल्या.